बिनगाण्याची खंडेनवमी

“ह्यात गाणं कवा सुरू हुणार, इचारा की त्यास्नी,” यंत्रमागांची देखभाल करणारा मारुती जॉबर मला म्हणाला.

नव्या शेडमध्ये आम्ही पाच-सहा जण गोळा होऊन उभे होतो. खांबाला ठोकलेल्या खिळ्यावर एक छोटा सीडी प्लेअर लोंबत होता आणि त्याचा मालक एका मागाच्या पोटात कमरेपर्यंत शिरला होता. बाहेर फक्त निळी पँट आणि धुळीनं माखलेले बूट दिसत होते. प्लेअरमधून ऑर्गन, गिटार आणि ड्रम यांचा नुसता लोंढा वाहत होता. मध्येच तो अडायचा, भलतंच वळण घ्यायचा, पियानोचे चार थेंब पडायचे आणि पुन्हा सगळे मिळून उधळायचे. बराच वेळ झाला तरी त्यात कुणी गायला तोंड उघडलं नव्हतं.

मी वाकून इंग्रजीत विचारलं. आतला पान्याचा आवाज थांबला.

“गाणं नाही,” उत्तर आलं.

“गाणं नाही म्हणतात,” मी मारुतीला सांगितलं.

“न्हाई म्हंजे? मग एवढी वाजंत्री जमवलीया कशापायी?” तो बाकीच्यांकडं वळला. “वरात निघालीया आणि नवरदेव घरात इसरलेत जणू.”

सगळे हसले. मागाच्या पोटातून एत्तोरेही हसला. त्याला काय कळलं देव जाणे, पण लोक हसले की तो हसायचा.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. इचलकरंजीत तेव्हा बिनधोट्याचे, म्हणजे शटल नसलेले, माग नवेनवे येत होते. आमच्या शेटेअण्णांनी जिवावर उदार होऊन थेट इटलीहून आठ माग मागवले आणि ते बसवून द्यायला तिथल्या कंपनीनं बेर्गामोजवळच्या गावातला हा माणूस पाठवला. वय पन्नाशीच्या पुढचं, डोक्यावर पांढऱ्या केसांचं टोपलं, आणि हात एवढे मोठे की चहाचा कप त्यात दिसायचाच नाही. ‘एत्तोरे’ हे नाव कामगारांच्या जिभेवर दोन दिवस घोळलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं ‘इठूराव’ झालं. त्याला ते इतकं आवडलं की तो फोनवरसुद्धा “इठूराव बोलतोय” म्हणायला लागला.

मी रेवती हावळ, तेव्हा तेवीस वर्षांची, शेटेअण्णांच्या ऑफिसात कामाला. कारखान्यात इंग्रजी बोलणारी मी एकटीच, म्हणून इठूरावांचं म्हणणं मराठीत आणायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. माझं इंग्रजी अधू, त्याचंही अधू. त्यामुळं आमचं फार छान जमलं.

पण माझं खरं जग ऑफिसात नव्हतं. हुल्याळकरबाईंकडं लहानपणापासून हार्मोनियम शिकले होते आणि कॉलेजात असल्यापासून ‘दिलावर अँड पार्टी’ या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत होते. लग्नं, बारशी, गणपती, कुठंही. पार्टीचे मालक दिलावर मुल्ला. त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या. आमची तालीम तिथंच, चहूबाजूंनी गाद्यांच्या थप्प्या, त्यामुळं आवाज बाहेर जायचा नाही. भाईंचा गळा असा की जुनी सिनेमातली गाणी ते म्हणायला लागले की आचारीसुद्धा पुऱ्या तळायच्या थांबवत.

“बेटा,” ते मला पहिल्या दिवशी म्हणाले होते, “लोक आपल्याला ऐकायला येत नाहीत. रेकॉर्ड ऐकायला येतात. रेकॉर्डसारखं वाजलं पाहिजे.”

मी ते मनावर घेतलं. गाण्यातले मधले तुकडे मी असे उचलायचे की मूळ वाजवणाऱ्यानं ऐकलं असतं तर स्वतःचा हात तपासून पाहिला असता. व्हायोलिनचं असो, बासरीचं असो, माझ्या कीबोर्डमधून जसंच्या तसं. मला त्याचा गर्व होता आणि गावात थोडं नावही होतं.

दर वर्षी खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारखान्यात मागांची पूजा व्हायची आणि दुपारी पटांगणात आमचा कार्यक्रम. त्या वर्षी नवे माग सुरू होणार म्हणून शेटेअण्णांनी सगळ्या गल्लीला बोलावलं होतं. आणि नेमकं तेव्हाच, गणपती उठल्या उठल्या, दिलावरभाईंचा आवाज गेला.

आधी सर्दी वाटली. मग मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. घशात गाठी झाल्या होत्या. साध्या होत्या, भिण्यासारखं काही नव्हतं, पण तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही.

मी दुकानात गेले तेव्हा भाई एका गादीवर मांडी घालून बसले होते. शेजारी बापू आवळे, आमचा ताल वाजवणारा. बापूच्या घरात हलगी पिढीजात, पण ऑर्केस्ट्रात तो ऑक्टोपॅड वाजवायचा; हलगी स्टेजवर शोभत नाही असं सुपारी देणाऱ्यांचं म्हणणं असायचं. आमचा गिटारवाला बातमी ऐकताच कोल्हापूरच्या एका पार्टीला जाऊन मिळाला होता.

भाईंनी माझ्याकडं पाहून दोन्ही हात जोडले आणि मग बाजूला फेकले.

“काय म्हणतात?” मी बापूला विचारलं.

“म्हणत्यात, गाद्या दोन्ही बाजूनं झटकायच्या.”

भाईंनी कपाळावर हात मारला. मला मात्र कळलं होतं. पार्टी बंद, असं ते म्हणत होते. शेटेअण्णांनी दुसऱ्या ऑर्केस्ट्राचा गायक आणायचं सुचवलं होतं. भाईंनी त्यावर नुसतं वर पाहिलं होतं. ज्या पटांगणात वीस वर्षं आपण गायलो, तिथं समोर बसून दुसऱ्याचं गाणं ऐकायचं, तेही तोंडाला कुलूप लावून. त्यापेक्षा बंद केलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे एत्तोरेला सांगितलं. सांगण्याचा काही हेतू नव्हता. मनात होतं ते बाहेर आलं. तो बिस्कीट चहात बुडवून ऐकत होता. बिस्कीट मोडून कपात पडलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“गायक नाही,” तो म्हणाला. “कीबोर्ड आहे? ताल आहे?”

“आहे. पण गाण्याशिवाय काय वाजवणार?”

त्यानं खांबावरच्या सीडी प्लेअरकडं बोट दाखवलं.

ती सीडी त्याच्याच बँडची होती, हे मला तेव्हा समजलं. बँडचं नाव ‘क्वात्रो स्काले’, म्हणजे चार जिने. कारण तालमीची खोली चार जिने चढून. तो ऑर्गन वाजवायचा, ड्रमवर गावातला बेकरीवाला, गिटारवर दातांचा डॉक्टर आणि बासवर शाळेची बस चालवणारा एक जण. रॉक आणि जॅझ यांची त्यांनी आपल्या परीनं मोट बांधली होती. आठ वर्षांत तीन सीडी काढल्या होत्या. कव्हरवर एक बोकड जिन्यावर उभा राहून खाली पाहत होता. तो बेकरीवाल्याच्या बायकोनं काढला होता.

“विकल्या जातात का?” मी विचारलं.

“आमच्या गावात प्रत्येक घरात आहे,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “आम्हीच दिल्या.”

त्याच्या पिशवीत तसल्या आणखी वीसेक सीडी होत्या, सगळ्या त्याच्या देशातल्या, बऱ्याचशा बिनगाण्याच्या. एकीत व्हायोलिन आणि ऑर्गन सवतींसारखे भांडत. एकीत समुद्रकाठच्या कुठल्या गावातले पितळी कर्णे आणि सनया यांच्याखाली ड्रम असा काही चालायचा की पावलं आपोआप पडावीत. तिथं म्हणे गावागावांत अशी माणसं असतात. दिवसा दात काढतात, पाव भाजतात, माग बसवतात, आणि संध्याकाळी हे. मला हे ऐकूनच गंमत वाटली. आमच्याकडंही तेच होतं की. दिवसा गाद्या, संध्याकाळी गाणी.

त्याच संध्याकाळी तो माझ्या लुनामागं बसून दुकानात आला. एवढा मोठा माणूस लुनावर, पाय दोन्हीकडं पसरलेले. बाजारपेठेतून जाताना लोक दुकानातून बाहेर येऊन पाहत होते. दिलावरभाईंनी त्याला बसायला गादी दिली आणि खुणेनंच चहा मागवला. एत्तोरेनं आमच्या जुन्या कीबोर्डवर हात ठेवला. दोन पट्ट्या वाजत नव्हत्या. त्यानं त्या शोधून काढल्या, मान हलवली आणि त्या दोन वगळून वाजवायला लागला.

सात मात्रांचं होतं ते. सात मात्रा मला नव्या नव्हत्या, रूपक ताल बाईंनी चांगला घोटून घेतला होता. पण रूपक डुलत चालतो. हे पळत होतं.

बापू ऑक्टोपॅडवर दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्यानं काड्या खाली ठेवल्या.

“ताई, हे लंगडं हाय. एक पाय आखूड हाय ह्याचा.”

मी एत्तोरेला सांगितलं. तो खूश झाला. उठून तो दुकानभर खरंच लंगडत चालला: दोन पावलं लांब, एक आखूड झटका, पुन्हा दोन लांब. बापू त्याच्या पायांकडं पाहत राहिला. मग सायकलवरून घरी गेला आणि हलगी घेऊन आला. दुकानाबाहेर कागद पेटवून त्यानं चामडं शेकलं, आत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आता म्हणावं चाल.”

एत्तोरे वाजवायला लागला आणि हलगी त्याच्या बाजूनं अशी लंगडत निघाली की जणू जन्मापासून दोघांचा एकच पाय आखूड होता. गाद्यांच्या थप्प्यांमध्येसुद्धा तो आवाज मावेना. भाई सावरून बसले.

त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. मग एत्तोरेकडं बोट, आपल्या गळ्याकडं बोट, आणि हात हलवून: का नाही? यांच्यात गाणं का नाही? या खेपेला बापूलाही अर्थ बरोबर लागला.

मला वाटलं, यामागं काहीतरी मोठं असणार. एखादा गायक गेला असेल, किंवा काही तत्त्व असेल. मी जरा हळू आवाजातच विचारलं.

“आम्ही चौघंही गातो,” एत्तोरे म्हणाला. “गाढवासारखे. बेकरीवाला तर फार वाईट. गायक शोधत होतो. दोन वर्षं शोधला. कुणी चार जिने चढायला तयार नाही. वाट बघता बघता वाजवत होतो. गायक आला नाही. सीडी झाली.”

मी सांगितलं. दिलावरभाई ऐकत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसणं किती अवघड असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी तोंडावर उशी दाबून धरली आणि बराच वेळ ते तसेच हसत राहिले. मग उठले, बापूच्या शेजारी गेले आणि हातानं दाखवलं: इथं जरा कमी. इथं उठव. त्या दिवसापासून तालीम ते घ्यायला लागले. तोंडानं एक शब्द नाही, पण त्यांचे हात पाहून आम्हाला कळायचं की कुठं थांबायचं आणि कुठं सुटायचं.

शेटेअण्णा आधी कबूल होईनात. “गाण्याशिवाय कार्यक्रम म्हणजे गुळाशिवाय पोळी,” ते म्हणाले. पण माग बसवणारा पाहुणाच वाजवणार म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

जुना कीबोर्ड एत्तोरेला दिला, नवा मी घेतला, आणि आम्ही तीन रचना बसवल्या. शेवटची सगळ्यात लांब, तीच लंगडी. तिच्या मध्यावर एक मोकळी जागा होती. सगळे मागं सरकायचे, हलगी हळू व्हायची, आणि एत्तोरे माझ्याकडं बोट करून म्हणायचा, “इथं रेवती.”

“काय वाजवू?”

“तुला हवं ते.”

मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. हवं ते म्हणजे काय? सीडीवर त्या जागी त्याचा ऑर्गनचा सोलो होता, चांगला लांबलचक. मी तो चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून कानाला हेडफोन लावून उचलला. डबा तसाच राहायचा. एकेक सूर, एकेक मुरकी, एके ठिकाणी त्याचं बोट जरा घसरलेलं होतं, ते घसरणंसुद्धा. पाचव्या दिवशी तालमीत ती जागा आली आणि मी तो सगळाच्या सगळा वाजवला. बापूनं मान डोलावली. मी वाट पाहत एत्तोरेकडं वळले.

तो गंभीर झाला होता. एवढ्या दिवसांत मी त्याला तसा पहिल्यांदाच पाहत होते.

“फार छान,” तो म्हणाला. “पण हे माझं आहे. हे मला येतं.”

“म्हणून तर वाजवलं. रेकॉर्डसारखं.”

“हे ऐकायला मी इथं कशाला येऊ? घरी आहे माझ्याकडं.”

मला इतका राग आला की मी कीबोर्ड बंद करून टाकला. चार दिवस उपाशी राहून केलेलं काम, आणि हा माणूस म्हणतो घरी आहे. मी दिलावरभाईंकडं पाहिलं. रेकॉर्डसारखं वाजव, हे सांगणारे तेच. ते आता माझी बाजू घेतील म्हणून मी थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, एत्तोरेकडं पाहिलं, आणि एका गादीचा सुटलेला टाका ओढून घट्ट करायला लागले.

त्या दिवशी एत्तोरे लुनावर बसून गेला नाही. रिक्षानं गेला.

मी ठरवून टाकलं. कार्यक्रमात मी त्याचाच सोलो वाजवणार. लोकांसमोर तो काही म्हणू शकणार नाही, आणि मला दुसरं काही येतच नव्हतं. हे दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

खंडेनवमीला सकाळी मागांना झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटले. आठही नवे माग शांत उभे होते. ते दसऱ्याला सुरू व्हायचे होते. दुपारी पटांगणात मांडव भरला. पुढं बायका आणि मुलं, मागं कामगार, कुंपणावर रिकामटेकडे. एत्तोरेनं शेटेअण्णांनी दिलेला फेटा बांधला होता आणि तो सारखा डोळ्यांवर येत होता.

पहिली रचना लोकांनी सौजन्यानं ऐकली. दुसरीला कुजबूज सुरू झाली. मागून एक जण ओरडला, “गाणारं कोण हाय का न्हाई?” आणि हशा पिकला. काही बायका मुलांना घेऊन प्रसादाच्या रांगेकडं निघाल्या. शेटेअण्णा पुढच्या खुर्चीत चुळबुळ करत होते. पहिल्या रांगेच्या टोकाला दिलावरभाई बसले होते, गळ्याला मफलर, अंगात कार्यक्रमाचा तोच चकचकीत कोट.

तिसरी सुरू करायच्या आधी बापूनं ऑक्टोपॅड बाजूला सारला आणि हलगी खांद्याला अडकवली. ठरलं होतं की हलगी मागच्या बाजूला बसून वाजवायची. पण तो स्टेजच्या अगदी पुढं आला. पहिली थाप पडली आणि प्रसादाच्या रांगेतल्या बायका मागं वळल्या.

कामगारांनी सवयीनं टाळी धरली आणि चुकले. पुन्हा धरली, पुन्हा चुकले. दरवेळी एक टाळी जास्तच पडायची. त्याचीच मजा सुरू झाली. एकमेकांना ढोसत, ‘आरं थांब, आता न्हाई, आता,’ असं करत मागच्या रांगा ती लंगडी चाल पकडायला लागल्या. मुलं उठून लंगडत फिरायला लागली. मारुती जॉबर एका खुर्चीवर चढून हातवारे करत होता. एत्तोरेनं फेटा काढून ठेवला आणि दोन्ही हातांनी कीबोर्डवर तुटून पडला.

आणि मग ती जागा आली. हलगी हळू झाली. एत्तोरेनं माझ्याकडं बोट केलं नाही. तो खाली मान घालून दोन सूर धरून बसला होता, अगदी बारीक.

मी त्याचा सोलो सुरू केला. पहिली ओळ वाजली. रेकॉर्डसारखी. त्यानं मान वर केली आणि हसला. टोमणा मारणारं हसू नव्हतं ते, ओळखीचं कुणी भेटल्यावर माणूस हसतो तसं. आणि माझी बोटं थांबली. का थांबली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं खरं की त्या हसण्यानंतर ते पुढं वाजवणं म्हणजे त्याचाच सदरा घालून त्याच्यासमोर उभं राहण्यासारखं वाटलं.

एक अख्खी फेरी नुसती हलगी आणि एत्तोरेचे ते दोन सूर वाजत राहिले. शेटेअण्णा पुढं वाकले. मी दिलावरभाईंकडं पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही. हात मांडीवर ठेवून ते बसले होते, पण ओठ किंचित उघडे होते, गाणं सुरू करायच्या आधी असायचे तसे.

मी एक सूर लावला. मग तोच पुन्हा. तिसऱ्यांदा त्याला एक शेजारचा जोडला. बापूनं कान टवकारले आणि हलगी त्या सुरांच्या मागं आणली. एत्तोरेनं आपले दोन सूर बदलले आणि माझ्याखाली जागा करून दिली. मग कुठून कुठून काय आलं मला माहीत नाही. बाईंकडं शिकलेल्या भूप रागाची एक पायरी आली, ती अर्ध्यातच वाकडी झाली. एक सूर चुकला. मी तो झाकायच्या ऐवजी पुन्हा वाजवला आणि दुसऱ्यांदा तो चुकीचा वाटला नाही. फेऱ्या किती झाल्या मी मोजल्या नाहीत. एत्तोरेनं मोठ्यानं काहीतरी इटालियनमध्ये म्हटलं आणि सगळे मिळून परत मूळ चालीवर आलो तेव्हा मी हसत होते.

संपल्यावर टाळ्या पडल्या. छप्पर उडालं वगैरे काही नाही. अर्धे लोक तोवर जेवायला गेले होते. उरलेल्यांनी मात्र मनापासून वाजवल्या, आणि त्यातही शेवटी एक जास्तीची.

“चांगलं झालं,” शेटेअण्णा म्हणाले. “पुढच्या वर्षी मधे एखादं गाणं टाका.”

मारुती एत्तोरेजवळ आला. “इठूराव,” तो म्हणाला, “नवरदेव नसला तरी वरात झ्याक निघाली.” मी त्याचं भाषांतर करायला निघाले, पण दोघं तोवर गळ्यात गळा घालून जेवायला चालले होते.

पुढं बरंच काही झालं. आठ माग सुरू झाले, एत्तोरे त्याच्या गावी गेला. दिलावरभाईंचा आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. भरड, खालचा, आणि तो त्यांनी पुढं जपून जपून वापरला. पार्टी बंद झाली नाही. जेवणाच्या पंगतीला आम्ही बिनगाण्याचं वाजवायला लागलो आणि लोकांना ते आवडलं, कारण शेजाऱ्याशी बोलता येतं. हलगी पुन्हा कधी स्टेजच्या मागं गेली नाही. मी ऑफिस सोडलं, नाटकांना आणि माहितीपटांना संगीत द्यायला लागले आणि आजही तेच करते. दोनदा बेर्गामोला जाऊन आले, चार जिने चढले. बेकरीवाला खरोखरच गाढवासारखा गातो.

पण मला त्या दुपारचं शेवटचं सांगायचं आहे.

मांडववाले खुर्च्या एकावर एक रचत होते. बापू हलगीचा पट्टा सोडत होता, एत्तोरे जेवून येऊन वायरी गुंडाळत होता. दिलावरभाई स्टेजवर चढून माझ्यापाशी आले. त्यांनी कीबोर्डच्या मधल्या पट्ट्यांवर बोट ठेवलं, हवेत एक वळण काढलं आणि पंजा उताणा करून फिरवला.

“भाई इचारत्यात, ते मदलं कुणाचं हुतं?” बापू म्हणाला.

मी वाजवलेल्या प्रत्येक तुकड्याचा धनी मला तोंडपाठ असायचा. कुठलं गाणं, कुणाचं संगीत, कुणाची बासरी. मी तोंड उघडलं आणि एकही नाव आलं नाही.

“माझं,” मी म्हणाले, आणि लगेच लाज वाटली. “म्हणजे, ठरवून असं काही नव्हतं.”

भाईंनी हातानं मला गप्प केलं आणि खुर्चीकडं बोट दाखवलं. बस. पुन्हा वाजव.

“आता तसं येणार नाही, भाई.”

त्यांनी खांदे उडवले. एत्तोरेनं गुंडाळलेली वायर उलगडून परत जोडली. बापूनं पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला.

मी बसले. तसं आलं नाही. सुरुवातीच्या चार-पाच सुरांनंतर वेगळीच वाट फुटली, आणि मी तिच्यामागं गेले. मांडववाल्यांनी रचलेल्या थप्पीतली एक खुर्ची दिलावरभाईंनी काढून माझ्यासमोर मांडली, तिच्यावर बसले आणि मांडीवर सात मात्रा धरल्या. पहिल्याच फेरीत चुकले. हसले, आणि पुन्हा धरल्या.